‘मला काही वाटलंच नाही’



समितीने मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. तो विषय हल्ली भाजी घेतानाही कानावर पडतो, म्हणून परवानगी काढून वेगळं बोलते. आपल्या बॅचमध्ये डॉक्टर पुष्कळ आहेत, आणि बाकीच्यांपैकी काहींची मुलं आता एमबीबीएस करताहेत.

माझ्या बहिणीची मुलगी इंटर्नशिपच्या वर्षात आमच्याकडे राहिली. डबा बरेचदा न उघडताच परत यायचा. एका रात्री तिच्या वॉर्डातले एक आजोबा गेले. सीनियर दुसऱ्या पेशंटजवळ अडकलेले, त्यामुळे नातेवाइकांना सांगायचं काम हिच्यावर आलं. सांगून झालं आणि ती पुढच्या बेडवरच्या पेशंटचं रक्त घ्यायला गेली. घरी आल्यावर म्हणाली, “मावशी, मला काही वाटलंच नाही.” तिला भीती त्याचीच वाटत होती.

याला बर्नआउट म्हणतात का, ते मी ठरवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणातून आलेली अवस्था म्हणते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मग प्रश्न फक्त त्या मुलीचा राहत नाही, वॉर्डाचाही होतो.

स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखून त्याप्रमाणे वागता येणं, याला सॅलोव्ही आणि मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्ता म्हटलं. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचं वेगळं शिक्षणही आलं आहे. चांगलंच झालं. पण छत्तीस तास जागलेल्या पोरीला ‘तुझी भावनिक बुद्धिमत्ता कमी पडते’ असं सांगणं म्हणजे भरलेल्या डोक्यावर आणखी एक पाटी ठेवणं. निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी सहसा दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त नसावी, असं केंद्र सरकारने १९९२ मध्येच लिहून ठेवलंय. लिहून ठेवलंय खरं.

आमच्या धंद्यात रात्री सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्या दिवशी सगळे बसतात. काय झालं, कधी कळलं, कोणाला मदत मिळाली नाही, हे विचारतात. चूक कोणाची, हे विचारायचं नाही असा नियम. या बैठकीला आम्ही ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणतो. शब्द तुमचाच उचललाय! रुग्णालयातही मृत्यूंवर बैठका होतात, पण तिथे चर्चा केसची होते. घरच्यांना ती बातमी ज्याने सांगितली, त्या पोराचं काय झालं, हे विचारायला बैठक नसते. आम्ही तर निव्वळ यंत्रासाठी बसतो.

आपल्यातले तिघे-चौघे आज युनिट सांभाळतात. ड्युटीचे तास तुमच्या एकट्याच्या हातात नाहीत, मला कल्पना आहे. पण ज्या रात्री वॉर्डात मृत्यू होईल, त्या सकाळी राउंडनंतर इंटर्नला चहाला घेऊन जा. दहा मिनिटं. ‘काल कसं गेलं?’ एवढं विचारा, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत फोन खिशातच राहू द्या. भाचीला हे विचारणारी एक रजिस्ट्रार पुढच्या पोस्टिंगमध्ये भेटली. त्या दिवशी ती घरी येऊन खूप रडली, आणि मग जेवली.