पावती मागा
(वन हक्क समित्यांच्या शिबिरातलं भाषण. बोललं तसंच, थोडं आटोपून लिहिलं आहे.)





मला आज 'कायद्याचं राज्य' हा विषय दिलाय. शब्द मोठा आहे, पण अर्थ सोपा आहे. माणसाचा हुकूम चालणार नाही, लिहिलेला कायदा चालेल. आणि तो सगळ्यांना सारखा. कलेक्टरला, गार्डाला, सावकाराला आणि मोळीवाल्या बाईलाही. घटनेच्या कलम 14 मध्ये हेच आहे.

आता आपल्या पाड्यांवर काय चालतं ते बघा. बाई घरच्या चुलीसाठी सरपण घेऊन निघते. गार्ड आडवा येतो, कोयता काढून घेतो. मग पन्नास रुपये द्या, नाहीतर कोंबडा द्या. पावती नाही. घरी येऊन आपण सांगतो, दंड भरला. अरे, हा दंड नाय! दंड सरकारात जमा होतो आणि त्याची पावती मिळते. बिनपावतीचा पैसा म्हणजे लाच. कायदा तिथं गार्डाने मोडला, आणि मान खाली घालून चालली आपली बाई.

असं का झालं? कारण आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या चोर म्हणून शिकवलं. इंग्रजांनी 1878 ला आणि परत 1927 ला जंगलाचा कायदा केला. काल जे आपलं होतं, ते कागदावर सरकारचं झालं. आजोबा तिथंच कसत होता, पण आता तो अतिक्रमणवाला झाला. 2006 साली वन हक्क कायदा आला. त्याच्या सुरुवातीलाच सरकारने लिहून दिलंय की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. म्हणजे चोर आपण नव्हतो, हे आता कायदाच बोलतो.

पण कायदा पुस्तकात राहिला तर काय उपयोग? तो रोज कसा मोडतात ते ओळखायला शिका. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून काढता येत नाही, कलम 4(5). तरी उभ्या पिकात गुरं सोडतात, खड्डे खणतात. 'सॅटेलाइटच्या नकाशात तुझं शेत दिसत नाही,' असं सांगून दावा बाजूला टाकतात. नियम म्हणतो, नकाशा हा जोडीचा पुरावा, बाकीच्या पुराव्यांच्या जागी तो धरता येत नाही. गावातल्या म्हाताऱ्याचा जबाबसुद्धा पुरावा आहे. दावा नामंजूर केला तर कारणासह लेखी कळवायला पाहिजे, आणि 60 दिवसांत आपल्याला अपील करता येतं. तोंडी 'नामंजूर' ऐकून घरी परत येऊ नका.

आता थोडं कडू बोलतो, राग धरू नका. कायदा फक्त तेच मोडतात का? आपल्याकडे ग्रामसभा कशी होते? चार जण बसतात, आणि रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घेतात. नियम काय आहे? निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो, पण बायकोला कागद दाखवतो कोण? पट्ट्याची जमीन वारसाला जाते, विकता येत नाही. तरी स्टँपपेपरवर ती दुसऱ्याला द्यायचा विचार काही जण करतात. आणि 13 डिसेंबर 2005 नंतर नवीन झाडं तोडून जुना दावा दाखवायचा, हा तर सगळ्यात मोठा घात. एका खोट्या दाव्याचं नाव पुढे करून साहेब दहा खरे दावे अडवतो.

कोणी म्हणेल, मोठी माणसं उघड्यावर कायदा मोडतात, ट्रक भरभरून माल जातो, मग आम्हीच का पाळायचा? प्रश्न बरोबर आहे. उत्तर ऐका. मोठ्या माणसाने कायदा मोडला तर सुटायला त्याच्याकडे पैसा आहे, वकील आहे, ओळख आहे. आपल्याकडे काय आहे? लिहिलेला कागद आणि आपली संख्या. कागद आपणच खोटा केला तर हातात काय उरलं? मोठ्यांना कायदा नसला तरी चालतं. आपल्याला चालत नाही.

म्हणून ह्या शिबिरातून चार गोष्टी घेऊन जा.

एक. बिनपावतीचा एक रुपया द्यायचा नाय. पावती मागा. तो देत नसेल तर तारीख, जागा आणि त्याचं नाव लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या.

दोन. एकटी बाई अडवली तर पाडा गोळा व्हायला पाहिजे. शिवी नाही, हात नाही. 'कोणत्या कलमाने अडवता?' एवढंच विचारा.

तीन. ग्रामसभा खरी भरवा. हजेरी खरी, ठराव खरा. जंगल राखणं हेही कलम 5 ने ग्रामसभेवर सोपवलंय, वणवा आणि चोरटी तोड आपणच अडवायची.

चार. अधिकारी हा कायदा मोडत असेल तर ग्रामसभेने ठराव करून राज्यस्तरीय देखरेख समितीला 60 दिवसांची नोटीस द्यायची. समितीने काही केलं नाही तर कोर्टाचा रस्ता मोकळा होतो. शिक्षा किती? जास्तीत जास्त हजार रुपये दंड. हसू येतं ना? आपल्याला तुरुंग आणि त्यांना हजार रुपये. पण ते हजार भरताना साहेबाला पावती घ्यावी लागेल, आणि कायदा कोणी मोडला ते त्या पावतीवर लिहिलेलं असेल.

जिंदाबाद!