संशोधनाची मोजदाद आणि धानाची बांधी
(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत वाचलेले भाषण)



उच्च शिक्षणासाठी ट्रस्टकडे येणाऱ्या अर्जांत अलीकडे एक नवी माहिती भरलेली आढळते. मार्गदर्शक प्राध्यापकांचे निबंध किती आणि त्या निबंधांचा इतरांनी उल्लेख किती वेळा केला, हे आकडे मुले मोठ्या अभिमानाने लिहितात. मुलांचा त्यात दोष नाही. विद्यापीठेच हे आकडे मागतात. परंतु ह्या आकड्यांचे वजन किती धरावे, हा प्रश्न निवड करताना आम्हां सर्वांपुढे उभा राहिला, आणि त्याचा विचार करता करता आम्ही थेट आपल्या जिल्ह्यातील धानाच्या बांधीत येऊन पोहोचलो. तो प्रवास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

ही मोजदाद तशी जुनी नव्हे. अमेरिकेत युजीन गारफिल्ड ह्यांनी १९६४ साली विज्ञानातील उल्लेखांची सूची छापावयास आरंभ केला. पुढे २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एक अंक सुचविला. एखाद्याचे वीस निबंध प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेखिले गेले असतील, आणि एकवीस निबंधांबाबत तसे म्हणता येत नसेल, तर त्याचा अंक वीस. हिशेब सोपा असल्यामुळे तो सर्वत्र पसरला. सोप्या हिशेबाचे असेच होते.

आता हा गज एका मराठी संख्याशास्त्रज्ञास लावून पाहू. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध गावी झाला. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, मग लंडन. तेथे १९३६ साली डॉक्टरेट. दोन नमुन्यांच्या सरासरींतील फरक खरा की योगायोगाचा, हे ठरविण्यासाठी त्यांनी केलेले कोष्टक फिशर आणि येट्स ह्यांच्या प्रसिद्ध कोष्टकसंग्रहात घेतले गेले. ते कोष्टक वापरणाऱ्या किती जणांनी सुखात्म्यांचे नाव लिहिले असेल? ज्या पुस्तकातून आकडा घेतला त्याचे नाव लोक लिहितात, आणि आकडा काढणारा मागे राहतो.

१९४० साली ते दिल्लीस कृषी संशोधन परिषदेत आले. त्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीने होत असे. ही आणेवारी आपल्या वडीलधाऱ्यांस चांगली ठाऊक आहे. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आणि यंदाचे किती आणे ते शेताकडे नजर टाकून ठरावयाचे. नजर कोणाची आणि त्या नजरेला कोणाची भीती, ह्यावर आणे कमीजास्त होत. सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याऐवजी चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, कोणाच्याही मर्जीवाचून, आधी गावे, मग गावातील शेते, आणि शेतात एक तुकडा निवडण्याची पद्धत बसविली. तो तुकडा मोजून कापावयाचा, मळावयाचा, तोलावयाचा. हे काम वेगळ्या खास नोकरांकडून न करविता महसूल व शेती खात्यांच्या नेहमीच्या माणसांकडून करून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता.

वाद पेटला तो तुकडा केवढा असावा ह्यावर. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी लहान तुकडे कापवीत; वेळ वाचतो आणि अधिक शेते पाहता येतात, हा त्यांचा मुद्दा, आणि तो पोकळ नव्हता. सुखात्म्यांनी १९४६ साली 'नेचर' ह्या विलायती नियतकालिकात दाखवून दिले की लहान तुकड्याने पीक फुगून दिसते. कारण मोठे गूढ नाही. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान असला की त्याच्या मानाने कड फार मोठी.

घरच्या घरी हिशेब करून पाहा. साठ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ घेतले आणि चुकून साडेसात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे, कड आत आली, तर पीक सुमारे साडेसव्वीस टक्क्यांनी वाढून दिसेल. तीच चूक पाच मीटर लांब-रुंद चौकोनात झाली तर वाढ सहा टक्के. नोंद करणाऱ्याच्या मनात खोट नसतानाही हे घडते. 'ही तर दोरीची गोष्ट, हिच्यात शास्त्र कसले?' असे कोणी म्हणेल. आमच्या मते शास्त्र हिच्यातच आहे.

आता ज्या पुस्तकामुळे त्यांचे नाव उल्लेखांच्या यादीत सर्वांत ठळक दिसते, ते पाहा. व्ही. जी. पानसे हे आपल्याच राज्यात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत काम केलेले गृहस्थ. त्यांच्याबरोबर सुखात्म्यांनी शेतीतील कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्रीय पद्धतींचे पुस्तक १९५४ साली लिहिले. कृषी विद्यापीठातील प्रबंध उघडा, शेवटी 'पानसे व सुखात्मे' असावयाचेच. उपयुक्त पुस्तक, ह्यात शंका नाही. पण ह्यांतील कित्येक उल्लेख रिवाजाचे असतात, लग्नपत्रिकेवर कुलदैवताचे नाव घालावे तसे. त्याच वर्षी निघालेला त्यांचा नमुना-पाहणीच्या सिद्धांताचा ग्रंथ कितीतरी अधिक खोल आहे.

१९५१ पासून ते रोम येथे जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. जगातील दोन-तृतीयांश माणसे उपाशी, असे त्या वेळी मोठमोठी माणसे म्हणत. सुखात्म्यांनी १९६१ साली हिशेब मांडला की पोटभर न मिळणारे शेकडा दहा ते पंधरा. निकस आहार घेणारे मात्र फार अधिक. माणसागणिक आहार आणि गरज कमीजास्त असते, ती कशी विखुरलेली आहे ह्याचा गणिती नमुना बसवून त्यांनी हे काढले. उपासमारीचे जे जागतिक आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात, त्यांच्या पद्धतीचे मूळ ह्या विचारात आहे. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने १९६३ साली त्यांस रौप्यपदक दिले.

पुढे त्यांनी असेही मांडले की शरीर आपली गरज काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून केवळ उष्मांक कमी दिसले की माणूस उपाशी असे धरू नये. ह्यावर रण माजले. दारिद्र्याचे अभ्यासक वि. म. दांडेकर ह्यांनी १९८० नंतर कडाडून विरोध केला. आहारतज्ज्ञ गोपालन ह्यांनीही केला. ह्या वादातील प्रत्येक विरोधी निबंध सुखात्म्यांच्या खात्यावर एक उल्लेख म्हणूनच जमा होतो. सूचीला स्तुती आणि टीका एकच. आमचे मत विचाराल तर त्या वादात टीकाकारांची बाजू आम्हांस अधिक पटते. पण वाद त्यांनी उभा केला, हे काम लहान नव्हे.

आणखी एक गंमत. दोन नमुन्यांतील विखुरणीची तुलना करणारी 'सुखात्मे कसोटी' म्हणून जी आहे, ती १९५७ सालची बी. व्ही. सुखात्मे ह्यांची. नुसते आडनाव पाहून मोजणारा एकाचे दुसऱ्याच्या पदरात घालणार.

आता आपल्या बांधीकडे येऊ. २०१६ पासूनच्या पीक विमा योजनेत भरपाई एकेका शेतावरून नव्हे, तर ठराविक क्षेत्राच्या सरासरीवरून ठरते. समजा उंबरठा उत्पन्न हेक्टरी चाळीस क्विंटल आहे आणि खरे पीक छत्तीस आले. तूट दहा टक्के. पण कडेची रोपे आत ओढल्यामुळे तेच पीक सहा टक्के अधिक नोंदले गेले, तर ते अडतीसच्या वर जाते आणि तूट पाच टक्क्यांच्याही आत येते. भरपाई निम्म्याहून खाली. उंबरठाही त्याच चुकीने फुगला असेल तर चूक बरीचशी कटते, हे खरे. परंतु एका साली काळजीने आणि दुसऱ्या साली घाईने कापणी झाली की कटत नाही.

आणि उपग्रह आले म्हणून ही दोरी सुटली, असेही नाही. २०२३ च्या खरिपापासून धान व गव्हाच्या अंदाजात उपग्रहाच्या साहाय्याने काढलेले उत्पन्न धरले जाऊ लागले, आणि आपले राज्य ह्यात पुढे आहे. परंतु आकाशातून दिसतो तो हिरवेपणा; क्विंटल दिसत नाहीत. किती हिरवेपणा म्हणजे किती क्विंटल, हे गणित जमिनीवर कापून तोललेल्या पिकाशी ताडून पाहावे लागते. कापणीत कड आत आली, तर चूक उपग्रहाच्या गणितातही उतरते. त्या गणितावर निघणाऱ्या निबंधांत सुखात्म्यांचे नाव येईल किंवा न येईल. १९९७ साली पुण्यास निवर्तलेल्या त्या गृहस्थांस त्याचे काय!

म्हणून शिष्यवृत्तीच्या निवडीत उल्लेखांचा आकडा आम्ही वाचू, परंतु त्याच्याबरोबर उमेदवाराला एक प्रश्न विचारू: तुमच्या मार्गदर्शकांची कोणती पद्धत कोण, कोठे वापरतो? आणि आपल्या सभासद कुटुंबांतील शेतकऱ्यांस एवढीच विनंती की कार्तिकात तुमच्या बांधीत कापणीचा प्रयोग लागला, तर त्या दिवशी शेतावर हजर राहा. दोरी ताणलेली आहे ना, ते पाहा. कडेच्या रोपाचा बुंधा अर्ध्याहून अधिक आत असेल तरच ते आत. ओल्या धानाचे वजन झाल्यावर वाळल्यानंतरचे वजन कसे धरले, तेही विचारून घ्या.