तीन निळे थर

कविता लिहिणारा माणूस स्कूटर रंगवण्याबद्दल काय सांगणार, असं आपल्याला वाटेल. पण आमच्याकडे अब्बांची जुनी बजाज चेतक आहे. भंगारवाला ती किलोच्या भावाने मागत होता. मी तिचे पत्रे स्वतः घासले. तेवढ्या अधिकारावर चार गोष्टी सांगतो.

१९७२ साली आलेल्या चेतकला वेगळा सांगाडा नव्हता. पोलादी पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. म्हणून तिचा रंग ही नुसती हौस नव्हे. पाय ठेवायच्या जागी, रबरी पट्ट्यांखाली पाणी मुरतं आणि गंज पत्रा खातो. तिथे भोक पडलं असेल, तर आधी वेल्डिंगवाला गाठा. लांबी भरल्याने भोक झाकतं, पत्रा मजबूत होत नाही.

स्वस्तात काम करायचं तर घासण्याची मेहनत आपण करावी आणि शेवटचा हात कॉम्प्रेसर असलेल्या रंगाऱ्याकडून मारून घ्यावा. डावीकडची डिकी, उजवीकडचं इंजिनावरचं झाकण सुटं करा. साबणाने धुऊन ओशटपणा घालवा. तेलकट पत्र्यावर रंग धरत नाही. गंजावर तारेचा ब्रश फिरवा, पत्रा चकाकेपर्यंत. जुना रंग घट्ट असेल तिथे तो खरवडू नका. ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फिरवला, चमक गेली, की पुरे. उघड्या पत्र्याला त्याच दिवशी प्रायमर लावा. मग खोलगट जागी लांबी, पुन्हा घासणं, पुन्हा प्रायमर आणि शेवटी ६०० नंबरचा पेपर. तपासताना डोळे मिटून तळहात फिरवा. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा हाताला लागतो.

घासताना आमच्या डिकीवर तीन निळे निघाले. वरचा माझ्या नोकरीच्या वर्षीचा, मधला बहिणीच्या लग्नाआधीचा, खालचा कारखान्यातला. अब्बांनी दर वेळी निळाच मारून घेतला होता. त्यातही शहाणपण होतं: आरसी बुकात गाडीच्या रंगाची नोंद असते, रंग बदलला तर आरटीओत तशी नोंद करून घ्यावी लागते. मूळ शेड हवी असेल, तर डिकीच्या आतला, ऊन न लागलेला रंग दुकानदाराला दाखवा.

स्प्रेचा डबा वापरणार असाल, तर तो वीतभर लांब धरा आणि हात चालता ठेवा. थर पातळ द्या, दोन थरांत दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. घाई केली की ओघळ येतात. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून कोरडे दिवस निवडा. काम उघड्यावर करा, तोंडाला मास्क लावा, विस्तव लांब ठेवा. नव्या गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या भागांना प्लॅस्टिकचाच प्रायमर लागतो, नाहीतर रंगाचे पोपडे निघतात.

रंग हाताला सुका लागला, तरी आतून पक्का व्हायला दिवस घेतो. तोवर पेट्रोल सांडू देऊ नका.

२०२० साली चेतक हे नाव विजेवरच्या स्कूटरवर परत आलं. ती घ्यायची ऐपत सगळ्यांची नसते. जुनी राखायला पैसे थोडे, पण चार रविवार लागतात. ते ज्याच्याजवळ आहेत, त्याने भंगारवाल्याला जरा थांबायला सांगावं.