परदेशवारी आणि पैशाचा हिशेब

(मंडळाच्या नांदगाव येथील मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या समाजातील माणसे आज मुख्यतः दोन कारणांनी परदेशी निघतात. एक धम्मयात्रा आणि दुसरे मुलांचे उच्च शिक्षण. दोन्हींचा पैसा पोटाला चिमटा घेऊन साठवलेला असतो. तो परक्या चलनात बदलताना अज्ञानापोटी वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच आम्ही बोलत आहोत.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, तेव्हा बडोद्याच्या शिष्यवृत्तीचे दरमहा साडेअकरा पौंड त्यांना मिळत. त्यातून घरी पैसे पाठवायचे, जेवणखाण भागवायचे आणि उरेल त्यातून जुनी पुस्तके घ्यायची. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाची किंमत केवळ परकीय चलनाच्या दरावरून ठरवू नये, त्याने काय विकत घेता येते ते पाहावे, हा त्यातील एक मुख्य विचार. प्रवाशानेही हेच ध्यानात ठेवावे.

लुंबिनीचेच उदाहरण घ्या. १९९३ पासून आपल्या १०० रुपयांना नेपाळचे १६० रुपये, हा दर कायम आहे. १६० हाती आले म्हणून आपण श्रीमंत होत नाही. तेथे ३२० रुपयांचे जेवण म्हणजे आपले २०० रुपये. नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी बँक परकीय चलन देत नाही. आपलेच रुपये न्यावे लागतात. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने १०० पेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. हे नियम बदलत असतात. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि शंभराच्या नोटा जास्त न्याव्यात.

श्रीलंका, थायलंड किंवा विलायतेला जायचे, तर चलन बँकेतून अथवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्याकडूनच घ्यावे. रस्त्यावरचा माणूस दोन रुपये स्वस्त देतो, पण नोट खोटी निघाली तर दाद कोणाकडे मागणार? पावती जपून ठेवावी. दर विचारताना दलाली आणि कर धरून एकूण किती रुपये पडतील, ते विचारावे. सगळी रक्कम रोख न नेता काही प्रवासी कार्डावर ठेवावी. तेथे कार्डाचे यंत्र 'रुपयांत की स्थानिक चलनात' असे विचारते. स्थानिक चलनच निवडावे, रुपयांत बहुधा महाग पडते.

आणखी एक गोष्ट. विकण्याचा दर वेगळा आणि परत घेण्याचा वेगळा. समजा, डॉलर ९० ला घेतला आणि ८७ ला परत दिला, तर प्रत्येक डॉलरमागे ३ रुपये गेले. म्हणून गरजेपुरतेच घ्यावे. परतल्यावर उरलेले चलन १८० दिवसांत परत करावे. २,००० डॉलरपर्यंत स्वतःजवळ ठेवता येतात. नाणी मात्र सहसा कोणी परत घेत नाही. ती तेथील विहाराच्या दानपेटीत टाकावीत.

विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता हाती येईपर्यंतचा खर्च वेगळा बांधून ठेवावा आणि रोजचा हिशेब वहीत लिहावा.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. परक्या मुलुखात हा चौथा भागच माणसाला सुखरूप घरी आणतो.

नमो बुद्धाय! जयभीम!