बाइक पळताना दिसली पाहिजे

आज बोलूया रेसिंगच्या फोटोंबद्दल.

मी पहिल्यांदा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर कॅमेरा घेऊन गेलो, तेव्हा दिवसभरात ९०० फोटो काढले. घरी आल्यावर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, या बाइक पार्किंगमधल्या आहेत का?" फोटो एकदम शार्प होते, आणि तीच तर गडबड होती.

साधा हिशोब करा. ताशी १५० किलोमीटरने जाणारी बाइक सेकंदाला साधारण ४२ मीटर पुढे जाते. मी शटर ठेवला होता १/२०००. तेवढ्यात ती जेमतेम २ सेंटिमीटर सरकते. चाकाचे आरेसुद्धा थिजतात! तोच शटर १/१२५ केला, की ती ३३ सेंटिमीटर पुढे जाते. आता कॅमेरा तिच्याबरोबर त्याच वेगाने फिरवला, तर बाइक स्पष्ट येते आणि मागचं सगळं पळतं. यालाच पॅनिंग म्हणतात.

करायचं कसं? जिथे फोटो घ्यायचाय, त्या दिशेला पाय रोवा. कोपरं अंगाशी घ्या. बाइक येते तिकडे कमरेतून वळा, कंटिन्युअस फोकस रायडरच्या हेल्मेटवर धरा आणि तिच्यासोबत फिरत या. समोर आली की हलकेच बटण दाबा. आणि हो, फोटो निघाला तरी थांबू नका, फिरतच राहा. बहुतेकांचं इथंच चुकतं. बटण दाबताना हात थबकतो आणि फोटो हलतो.

दुपारच्या कडक उन्हात १/६० वापरायचा असेल, तर एनडी फिल्टर लावा, नाहीतर फोटो पांढरा पडतो.

सुरुवात १/२५० ने करा, हात बसला की १/१२५, मग १/६०. बरेच फोटो वाया जातील, जाऊ द्या. सरावाला ट्रॅक कशाला हवा? फुटपाथवर उभं राहून जाणाऱ्या स्कूटर टिपा. मी तेच केलं, महिनाभर.

एक मात्र कळकळीने सांगतो. डोळा व्ह्यूफाइंडरला असतो, तेव्हा मागची दुसरी गाडी दिसत नाही. रॅलीत किंवा डर्ट ट्रॅकवर वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहू नका, घसरलेली गाडी तिकडेच येते. मार्शल मागे व्हा म्हणाला की मागे व्हायचं. फोटो पुढच्या लॅपलाही मिळतो.

चला, भेटू पुढच्या भागात!