पिंपाचा सूर

तेलाची पिंपं मी गोदीत रोज लोळवतो. त्रिनिदादच्या काळ्या पोरांनी तसल्याच पिंपाचा तळ हातोड्यानं खोल ठोकला, त्यात एकेका सुराची जागा उठवली. स्टीलपॅन! गुलामीतून सुटलेल्या त्यांच्या आजोबांचे ढोल इंग्रजांनी १८८०च्या दशकात बंद पाडले. मग बांबू जमिनीवर आपटले. १९३०नंतर बिस्किटांचे डबे, पिंपं. पोलीस मागं, पांढरपेशे नाकं मुरडतायत, पट्ठे वाजवतायत. १९५१ला त्यांचा ताफा थेट लंडनात वाजवून आला. १९९२ला तेच त्रिनिदादचं राष्ट्रीय वाद्य झालं.

तिथं ढोल हिसकावला. इथं हलगी मांगवाड्याच्या गळ्यात मारली: मयताला वाजव, जत्रेत वाजव, नाही म्हणायची सोय नाही. हा फरक ध्यानात ठेवून ऐका. कुणाकडं रेकॉर्ड असली तर आणा, पुढच्या बैठकीत लावू.