न लागलेली सूचना



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत साहित्य आणि संगीत यांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्यावर आम्ही शिडाच्या नौकांच्या शर्यतीचा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हुसेनसागराच्या काठी राहणाऱ्या आपणांस पावसाळ्यातील ती पांढरी शिडे परकी नाहीत. ज्यांची मुले त्या नौकांवर चढली आहेत, त्यांच्यासाठी आज एकच प्रश्न घेतो. शर्यतीची सूचना न कळवता बदलली, तर काय करावे?

शर्यतीपूर्वी स्पर्धा-समिती लेखी सूचना देते. कोणत्या बोयाला कोणत्या बाजूने वळसा घालावयाचा, शर्यत कोठे संपावयाची, हे सारे तीत असते. वारा फिरतो, म्हणून बदल अटळ असतात, आणि नियमांनी त्यांची सोयही केली आहे. चालू शर्यतीत पुढच्या बोयाची जागा हलवावयाची झाल्यास, आघाडीची नौका त्या टप्प्यास लागण्यापूर्वी ‘सी’ ध्वज दाखवून वारंवार ध्वनिसंकेत करावे लागतात. असा बदल अकस्मात असेल, पण अघोषित नव्हे. सूचनेच्या मजकुरातच फरक करावयाचा, तर तो लेखी असावा आणि ठरलेल्या वेळेपूर्वी अधिकृत सूचनाफलकावर लागावा, असे नियम 90 सांगतो. (हा फलक आता पुष्कळदा संगणकाच्या जाळ्यावर असतो.) किनाऱ्यावर पिवळ्या-काळ्या चौकटींचा ‘एल’ ध्वज चढला, म्हणजे नवी सूचना लागली असे समजावे. नौका पाण्यात उतरल्या असतील, तर पूर्वसूचनेच्या संकेताआधी प्रत्येक नौकेला बदल कळवला पाहिजे. तो तोंडी सांगण्याची मुभा फक्त पाण्यावर, आणि तीही मूळ सूचनेत तशी पद्धत दिली असेल तरच.

घोटाळा होतो तो सकाळच्या बैठकीत. अधिकारी सद्‌हेतूने काही ‘स्पष्ट करून’ सांगतात आणि तेच नकळत नवा नियम होऊन बसते. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या निर्णयसंग्रहातील 32 वे प्रकरण नेमके असेच आहे. शर्यत आखूड केल्यास ती कशी संपवावी, याविषयी बैठकीत तोंडी खुलासा झाला. काही नौकांनी मात्र लेखी सूचनेप्रमाणे शर्यत पुरी केली, आणि त्यांनी ती संपवलीच नाही अशी नोंद झाली. त्यांनी दाद मागितली व त्यांना ती मिळाली. शर्यतीच्या मार्गापुरते केवळ लेखी सूचना आणि तिच्यातील लेखी दुरुस्ती यांवरच विसंबण्याचा स्पर्धकाला हक्क आहे, हे तत्त्व त्यातून निघाले.

तोंडी बदलाची झळ बहुधा स्थानिकाला लागत नाही. तो चहाच्या टपरीवर ऐकतो, मित्राकडून ऐकतो. झळ लागते ती दुरून आलेल्याला, तेथील बोली न कळणाऱ्याला. परप्रांतात संसार मांडलेल्या आपणांस हे फोड करून सांगावयास नको.

सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस येथे 1951 मधील सर्वोच्च न्यायालयाचा हरला विरुद्ध राजस्थान राज्य हा निवाडा आठवतो. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने 1923 मध्ये ठराव करून अफूचा कायदा केला, पण तो लोकांपुढे प्रसिद्ध केलाच नाही. त्या कायद्याखाली हरला यास दंड झाला होता. जो कायदा जाणून घेण्याची वाटच लोकांना नव्हती, त्याखाली शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे न्यायालयाने ठरवून ती शिक्षा रद्द केली. तळ्यावरच्या शर्यतीला एवढा मोठा दाखला लावणे कोणास अतिशयोक्तीचे वाटेल. आम्हांस वाटत नाही.

आता व्यवहाराचे. कानावर आलेला बदल शर्यतीपूर्वी समितीकडून लेखी मागावा. तो मिळाला नाही, तर लेखी सूचनेप्रमाणेच नौका हाकावी. समितीविरुद्ध हरकतीचा अर्ज चालत नाही, तो फक्त दुसऱ्या नौकेविरुद्ध करता येतो. समितीच्या चुकीबद्दल दाद मागावयाची असते, आणि ती लेखी, मुदतीत. समितीची कृती अयोग्य होती, त्यामुळे आपले स्थान बरेच घसरले आणि त्यात आपला दोष नव्हता, हे तिन्ही दाखवावे लागते. फलकावर लागलेली सूचना जो वाचतच नाही, तो या शेवटच्या अटीवर अडकतो. म्हणून शर्यतीच्या दिवशी फलकाचे छायाचित्र वेळेसह काढून ठेवावे. दाद मान्य झाली तरी मागणाऱ्यालाच पहिला क्रमांक मिळतो असे नाही. बाधित झालेल्या सर्व नौकांना शक्य तितका न्याय्य असा तोडगा निवाडा-समिती काढते. कधी सरासरी गुण देते, कधी वेळ दुरुस्त करते, क्वचित शर्यतच रद्द ठरवते.

आपल्यांपैकी जे उद्या स्पर्धा-समितीवर बसतील, त्यांनी पाण्यावर बदल कळवताना नौकांची यादी हाती ठेवून एकेकीवर खूण करीत जावे. एखादी राहिली, तर शर्यत लांबणीवर टाकणारी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची पताका चढवावी आणि त्या नौकेपर्यंत जाऊन यावे. ही पताका उतरल्यावर एका मिनिटाने पूर्वसूचनेचा संकेत होतो, आणि त्यानंतर साधारणतः पाच मिनिटांनी शर्यत सुटते.